कावेरीकाठचा संघ

कुंभकोणम्‌हून कोळ्ळिडम् नदीवरील अणैक्करैच्या बंधाऱ्याकडे जाणारा रस्ता भाताच्या खाचरांमधून जातो. ह्याच वाटेवर चोळपुरम् हे गाव लागते. राजेंद्र चोळाची प्रसिद्ध राजधानी गंगैकोंड चोळपुरम् ती निराळी. ती नदीपलीकडे आहे. हे चोळपुरम् साधेसुधे गाव असून थोर राजवंशाची आठवण त्याने केवळ आपल्या नावात जपली आहे. ह्या मुलखात कोणत्याही दिशेस पाहिले तरी एखादे गोपुर दिसल्यावाचून राहत नाही. शिवाची आणि विष्णूची इतकी देवालये इतक्या थोड्या भूमीत क्वचितच कोठे असतील.

तथापि ह्याच परिसरात, कोठे तळ्याच्या बांधावर, कोठे पिंपळाखाली, तर कोठे एखाद्या देवळाच्या कोपऱ्यात, काळ्या दगडाची एक निराळीच मूर्ती आढळते. तिच्या हातांत शस्त्र नाही, जवळ वाहन नाही. मांडी घातलेली, तळहात एकावर एक ठेवून मांडीवर विसावलेले, डोळे अर्धवट मिटलेले आणि मस्तकावर ज्योतीसारखा तुरा. ही बुद्धाची मूर्ती होय. चोळमंडलात अशा साठांच्या वर मूर्ती अभ्यासकांनी नोंदविल्या आहेत. कुंभकोणम्‌जवळील पट्टीश्वरम् येथेही एक आहे. काही गावांत लोक तिला ‘ऋषी’ म्हणतात, तिच्यापुढे दिवा लावतात, नैवेद्यही दाखवितात. परंतु हा ऋषी कोण, त्याने काय सांगितले, हे विचारले तर उत्तर मिळणे कठीण. मूर्ती राहिली आणि तिचा संघ मात्र नाहीसा झाला.

संघ नाहीसा होणे म्हणजे नेमके काय होणे, ह्याचा अनुभव सव्वाशे वर्षांपूर्वी कुंभकोणम्‌च्याच एका पंडिताला आला. त्यांचे नाव उ. वे. स्वामिनाथ अय्यर. तामिळनाडूत त्यांस आदराने ‘तमिळ ताता’, म्हणजे तमिळचे आजोबा, असे म्हणतात. १८८० मध्ये ते कुंभकोणम्‌च्या सरकारी महाविद्यालयात तमिळचे अध्यापक झाले. जुन्या तमिळ ग्रंथांची ताडपत्रे गोळा करावी, पाठभेद लावावे आणि ग्रंथ छापून काढावे, हे त्यांचे जीवितकार्य त्या गावी सुरू झाले.

पहिला मोठा ग्रंथ हाती आला तो ‘जीवक चिंतामणी’. हे जैन काव्य. स्वामिनाथ अय्यर शैव घराण्यातील. काव्यातील शब्द कळत, पण त्यांमागील धर्मविचार कळेना. तेव्हा त्यांस कोणी सांगितले की, कुंभकोणम्‌मध्ये जैनांची घरे आहेत. ते तेथे गेले आणि पाहतात तो दारांना तोरणे बांधलेली! चौकशी करता कळले की, कित्येक महिने चाललेले ‘चिंतामणी’चे वाचन त्या दिवशी पूर्ण झाले होते, त्याचा तो उत्सव होता. ज्या ग्रंथाचे एकेक पान लावताना आपण रात्री जागवितो, तो ग्रंथ आपल्याच गावातील गृहस्थ आपल्या बायकामुलांसह दरवर्षीच्या रिवाजाने वाचतात, हे पाहून त्या पंडिताला काय वाटले असेल! पुढे ते त्या मंडळींकडे वारंवार जात राहिले. अडलेल्या शब्दांचा अर्थ त्यांना तेथे विचारता आला, आणि १८८७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यानंतर ‘मणिमेखलै’ची पाळी आली. हे बौद्ध काव्य. कावेरीच्या मुखाशी असलेल्या पुहार नगरीतील एका नर्तकीची कन्या मणिमेखलै भिक्षुणी होते, कधी रिते न होणारे अक्षयपात्र तिला लाभते आणि ते घेऊन ती भुकेल्यांना अन्न देत हिंडते, अशी ती कथा आहे. कथा समजण्यास कठीण नव्हती. कठीण होते ते मध्ये येणारे बौद्ध तत्त्वज्ञान. ह्या वेळी मात्र विचारावयास कुंभकोणम्‌मध्ये एकही घर नव्हते. नुसते कुंभकोणम्‌च नव्हे, साऱ्या चोळमंडलात नव्हते. अखेर त्यांच्याच महाविद्यालयातील मळूर रंगाचार्य हे विद्वान सहकारी मदतीस आले. रंगाचार्यांनी पाश्चात्त्य पंडितांचे इंग्रजी ग्रंथ वाचावे आणि स्वामिनाथ अय्यरांना त्यांतील विषय तमिळमध्ये समजावून सांगावा, असा क्रम चालला. कावेरीच्या काठी घडलेली कथा. परंतु तिचा अर्थ लंडनच्या वाटेने परत आणावा लागला. १८९८ मध्ये ‘मणिमेखलै’ छापून निघाली. वाचकांना बुद्ध, धर्म आणि संघ ह्यांची काहीच ओळख उरलेली नाही हे जाणून स्वामिनाथ अय्यरांनी त्या तीन विषयांवर तीन निबंध लिहून ग्रंथास जोडले.

ही उणीव किती मोठी होती हे कळण्यास पूर्वीचा काळ पाहिला पाहिजे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धदत्त नावाचे पाली भाषेचे मोठे आचार्य होऊन गेले. ते चोळदेशातील उरैयूरचे. त्यांनी आपल्या एका ग्रंथात तो कोठे बसून लिहिला ते सांगितले आहे : कावेरीपट्टणम्‌मध्ये, कण्हदास नावाच्या गृहस्थाने बांधविलेल्या विहारात. दुसरा ग्रंथ भूतमंगलम् येथे वेण्हुदासाच्या विहारात लिहिला. कण्हदास म्हणजे कृष्णदास, वेण्हुदास म्हणजे विष्णुदास! ज्यांच्या आईबापांनी त्यांची नावे कृष्णाविष्णूंवरून ठेवली, त्यांनी भिक्षूंसाठी विहार बांधले. त्या काळी एका घरात दोन धर्म सुखाने नांदत असावेत असे म्हणावयास हा छोटासा पुरावा मला फार बोलका वाटतो. त्याच कावेरीपट्टणम्‌च्या जागी १९६० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा विटांच्या विहाराच्या खोल्या आणि दगडावर कोरलेले बुद्धपाद सापडले.

ह्याहून मोठे वैभव नागपट्टणम् बंदराने पाहिले. अकराव्या शतकाच्या आरंभी सुमात्रा आणि मलाया ह्या भागांवर श्रीविजयाच्या राजांची सत्ता होती. तेथील चूळामणिवर्मा व त्याचा पुत्र मारविजयोत्तुंगवर्मा हे बौद्ध होते. त्यांच्या प्रजाजनांची जहाजे नागपट्टणम्‌ला येत, वारा फिरेपर्यंत महिनोन्‌महिने राहत. त्यांच्यासाठी ह्या राजांनी तेथे एक विहार उभारला. तो चूळामणिवर्म विहार. जमीन होती चोळांची. तंजावरचे बृहदीश्वराचे देवालय बांधणारा राजराज चोळ हा कट्टर शिवभक्त. परंतु त्याने १००६ च्या सुमारास आनैमंगलम् हे गाव ह्या विहारास इनाम दिले. इनामाची हद्द हत्तीण फिरवून ठरविण्यात आली आणि सारा मजकूर पुढे २१ ताम्रपटांवर कोरला गेला. एका कड्यात ओवलेले हे जडशीळ पत्रे डच अमदानीत नेदरलंड्समधील लायडन येथे गेले, म्हणून इतिहासात ते ‘लायडन ताम्रपट’ ह्या नावाने ओळखले जातात.

राजराजाचा पुत्र राजेंद्र ह्याने १०२५ च्या सुमारास त्याच श्रीविजयावर आरमार पाठवून स्वारी केली. राजाराजांचे वैर झाले, परंतु विहाराचे इनाम तुटले नाही. १०९० मध्ये तिकडील दूतांनी विनंती केल्यावरून कुलोत्तुंग चोळाने ते पुन्हा लिहून दिले. ह्या दुसऱ्या दानपत्रात विहारांची नावे ‘राजराज पेरुंपळ्ळि’ आणि ‘राजेंद्रचोळ पेरुंपळ्ळि’ अशी येतात. ‘पेरुं’ म्हणजे मोठी. ‘पळ्ळि’ हा शब्द भाषांतराच्या कामात नेहमी घोटाळ्यात पाडतो. जुन्या लेखांत त्याचा अर्थ बौद्धांचा किंवा जैनांचा मठ असा होतो. आजच्या तमिळमध्ये शाळेला ‘पळ्ळिक्कूडम्’ म्हणतात. मठ गेले, परंतु रोज सकाळी दप्तर घेऊन निघणारे प्रत्येक तमिळ मूल नकळत त्यांचे नाव घेते.

नागपट्टणम्‌चा विहार केवळ राजांच्या कृपेवर चालत होता असे समजण्याचे कारण नाही. १८५६ मध्ये तेथे एक झाड तोडताना जमिनीखाली धातूच्या बुद्धमूर्ती सापडल्या आणि पुढील ऐंशी वर्षांत त्यांची संख्या साडेतीनशेच्या घरात गेली. त्यांतील कित्येक आज चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत. पुष्कळ मूर्ती अगदी लहान, घरच्या देव्हाऱ्यात बसतील एवढ्या. काहींच्या बैठकीवर त्या देणाऱ्यांची नावे तमिळ अक्षरांत कोरलेली आहेत. एका मूर्तीवरील लेखावरून ती अठरा देशांच्या सोनारांच्या संघाची होती आणि उत्सवात मिरवणुकीसाठी केलेली होती असे दिसते. त्या लेखात बुद्धाच्या स्थानाला ‘आळ्वार’ हा शब्द जोडलेला आहे. आपण हा शब्द वैष्णव संतांपुरता समजतो. नागपट्टणम्‌च्या सोनारांना तो बुद्धासाठीही परका वाटला नाही. हे सोनार, त्यांचा उत्सव, त्यांची मिरवणूक डोळ्यांपुढे आणली म्हणजे विहाराचे खरे धनी कोण होते ते कळते.

ह्या बंदरात चिनीही होते. चौदाव्या शतकातील वांग तायुआन ह्या चिनी प्रवाशाने येथील विटांच्या एका मनोऱ्याचे वर्णन केले असून त्यावर १२६७ ह्या वर्षाचा चिनी लेख होता असे नमूद केले आहे. आणि ब्रह्मदेशातील भिक्षूंची हकीकत तर मन हेलावणारी आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंहलद्वीपाहून परतताना त्यांचे जहाज फुटले. किनाऱ्याने पायी चालत ते नागपट्टणम्‌ला पोहोचले, तेथे पदरिकाराम विहाराचे स्थान त्यांनी पाहिले आणि चीनच्या महाराजाने करविलेल्या गुहेतील बुद्धमूर्तीचे पूजन केले. ही हकीकत पेगू येथील कल्याणी शिलालेखांत आहे.

आज अमेरिकेतील लॉस एंजेलिससारख्या महानगरात थायलंड, श्रीलंका, जपान, कोरिया, चीन आणि व्हिएतनाम येथून आलेल्या लोकांची निरनिराळी बौद्ध मंदिरे आणि शेजारी ध्यान शिकणाऱ्या अमेरिकनांची लहान लहान मंडळे आढळतात. ह्याचा आरंभ किनाऱ्यावरच झाला. जपानी वसाहतवाल्यांच्या बोलावण्यावरून १८९९ मध्ये दोन जपानी धर्मोपदेशक सॅन फ्रान्सिस्कोस उतरले. १९१० मध्ये गोव्याचे आपले धर्मानंद कोसंबी पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले. हे सारे आपणांस आधुनिक काळाचे नवल वाटते. परंतु परदेशी व्यापारी, देशी कारागीर आणि वाटसरू भिक्षू ह्यांनी मिळून एका बंदरात बुद्धाचे नाव घेण्याचा हा प्रकार नागपट्टणम्‌ने नऊशे वर्षांपूर्वी पाहिला होता.

मग हे सर्व गेले कोठे? एका रात्रीत काही घडले नाही. आळ्वारांच्या आणि नायन्मारांच्या भक्तिगीतांनी लोकांची मने ओढून घेतली. तिरुमंगै आळ्वारांनी नागपट्टणम्‌ची सोन्याची बुद्धमूर्ती पळविली आणि तिच्या सोन्यातून श्रीरंगम्‌चे काम केले, अशी वैष्णव परंपरेत आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, दोन पंथांतील चुरस तीतून दिसते. समुद्रापलीकडील बौद्ध राज्येही मावळली आणि जहाजांतून येणारे सहधर्मी कमी झाले. तरी धागा पुष्कळ काळ तुटला नव्हता. कुंभकोणम्‌च्या कुंभेश्वर देवालयात शेवप्प नायकाच्या कारकिर्दीतील १५८० चा एक शिलालेख आहे. कालव्यासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात दिलेल्या जमिनीची ती नोंद असून तीत तिरुविळंदुरै येथील बुद्धाच्या देवळाचा उल्लेख येतो. म्हणजे त्या वर्षापर्यंत ‘बुद्धाचे देऊळ’ म्हटले की ते कोणते, हे सरकारी कारकुनाला ठाऊक होते. त्यानंतर १६७६ मध्ये तंजावरला भोसल्यांचे राज्य आले, ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळी येथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांच्या मुलाबाळांच्या तोंडी अजूनही दक्षिणी मराठी ऐकू येते. वाङ्मय, संगीत, चित्रकला ह्यांचे त्या दरबाराने केवढे लाड पुरविले! पण बांधावरच्या त्या ध्यानस्थ पुरुषाला ‘आपण कोण’ असे विचारणारा कोणी निघाला नाही. नागपट्टणम्‌चा विटांचा प्राचीन मनोरा १८६७ मध्ये पाडण्यात आला. तो चिनी प्रवाशाने वर्णिलेलाच असावा असे काहींचे मत आहे.

योगायोग असा की, ज्या १८९८ मध्ये स्वामिनाथ अय्यर ‘मणिमेखलै’ छापीत होते, त्याच वर्षी मद्रासमध्ये अयोत्तिदास पंडित नावाचे एक सिद्ध वैद्य सिंहलद्वीपास जाऊन बौद्ध दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील. आपले पूर्वज मूळचे बौद्ध होते, असे ते सांगत. एकाने पोथीतून बुद्धाचा शोध घेतला, दुसऱ्याने माणसांतून. अयोत्तिदासांच्या संघाच्या शाखा कोलारच्या सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांमध्ये आणि रंगूनपर्यंत पोहोचल्या. १९०७ पासून त्यांनी एक पैसा किमतीचे तमिळ साप्ताहिकही चालविले. त्याच वर्षी मद्रासचे प्राध्यापक लक्ष्मी नरसू ह्यांचा बौद्ध धर्मावरील इंग्रजी ग्रंथ निघाला. १९४८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली, तिला प्रस्तावना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिली.

येथून आपण महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. मद्रासमार्गे सिंहलद्वीपास जाऊन १९०२ मध्ये श्रामणेर झालेल्या कोसंब्यांनी १९३७ च्या सुमारास परळच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत बहुजनविहार उभा केला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी भिक्षू चंद्रमणी ह्यांच्याकडून दीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना ती दिली. चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातील. पंधराव्या शतकात जहाज फुटून चोळांच्या किनाऱ्याला लागलेल्या भिक्षूंना जे शोधूनही फारसे दिसले नसेल, ते त्यांच्या देशबांधवाने नागपूरच्या मैदानावर पाहिले.

मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड येथील चाळींतून, चेंबूर-घाटकोपरच्या वस्त्यांतून पाहता पाहता विहार उभे राहिले. विहार म्हणजे मोठी वास्तू असे नव्हे. पुष्कळदा पत्र्याचे छप्पर, एक कट्टा, त्यावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली सतरंजी. नामकरण, विवाह, पुण्यानुमोदन ही तेथेच. भिक्षू क्वचितच राहतो. वंदना म्हणवून घेणारा कधी बेस्टचा वाहक असतो, कधी पालिकेचा कर्मचारी. आणि आषाढी पौर्णिमा आली की वर्षावास सुरू होतो. भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे ह्या प्राचीन नियमाला ह्या गृहस्थांनी आपले निराळे रूप दिले आहे. आश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या बाबासाहेबांच्या ग्रंथाचे क्रमाने वाचन होते. वाचणारी बहुधा एखादी शाळकरी मुलगी. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेल्या आजीबाई. एखादा शब्द अडला की वाचन थांबते, कोणी अर्थ सांगतो, कोणी दुसराच सांगतो, थोडा वाद होतो आणि पुढचे पान उलटते. कुंभकोणम्‌च्या जैनांच्या दारी स्वामिनाथ अय्यरांनी जे पाहिले, तेच हे. फरक एवढाच की, त्यांना मिळालेली परंपरा शतकांची होती, आणि ही दोन-तीन पिढ्यांपूर्वी रिकाम्या हाताने सुरू झाली.

ह्याच मुंबईत दुसरीही एक मंडळी आहे. ब्रह्मदेशात जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्या जुलैत त्यांनी मुंबईच्या एका धर्मशाळेत विपश्यनेचे पहिले दहा दिवसांचे शिबिर घेतले. १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. २००९ मध्ये गोराईच्या खाडीकाठी एकही खांब नसलेल्या विशाल घुमटाचा पगोडा उभा राहिला, त्यात ८००० माणसे एका वेळी ध्यानास बसू शकतात. शहरात ठिकठिकाणी साधक आठवड्यातून एकदा तासभर एकत्र बसतात. येथे धर्म बदलावा लागत नाही, मूर्ती नाही, वादही नाही; मौन आहे. चेन्नईजवळही असे केंद्र आहे. शिवाय वरळीला जपानी निचिरेन पंथाचे देऊळ आहे. सायंकाळी त्यातील ढोलाचा आवाज रहदारीतून ऐकू येतो.

विहारातील लोक आणि शिबिरांतील लोक एकमेकांस फारसे ओळखत नाहीत, हे मात्र खरे. एकीकडचे म्हणतात, डोळे मिटून अन्याय मिटत नाही. दुसरीकडचे म्हणतात, सभा पुष्कळ झाल्या, मन पाहणार कधी? पुण्यास १९७९ पासून काम करणाऱ्या त्रैलोक्य बौद्ध महासंघासारख्या काही संस्था अभ्यासवर्ग आणि ध्यान दोन्ही एकाच छपराखाली आणू पाहतात. मला स्वतःला शिबिरातील शांततेचे मोल कमी वाटत नाही. परंतु अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारीत उद्या कोणी पंडित आला, तर त्याला ज्या दारावर तोरण दिसेल ते विहाराचेच असेल, असे वाटते.

त्या दारांचीही आता काळजी वाटू लागली आहे. वरळी आणि नायगावच्या बी.डी.डी. चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या करण्याचे काम गेल्या काही वर्षांत चालू झाले आहे. लोकांना स्वच्छ, मोठी, स्वतःची घरे मिळत आहेत. ही आनंदाचीच गोष्ट. चाळीत मात्र व्हरांड्यात उभे राहून हाक मारली की सारा मजला विहारात येई. विसाव्या मजल्यावरून आजीबाई रात्री नऊला खाली उतरतील का, आणि उतरल्या तर बसावयास जागा कोठे असेल, हा प्रश्न तेथील जुनी माणसे एकमेकांना विचारीत असतात.

आश्विनी पौर्णिमेच्या रात्री वाचनाची सांगता होते. शेवटचे पान वाचले जाते, वंदना होते, बायका घरून आणलेल्या खिरीची पातेली उघडतात. ग्रंथाची पाने तीन महिन्यांत हाताळून मऊ झालेली असतात. कोणी त्याच्या पुठ्ठ्याला नवा कागद चढवितो, पांढऱ्या कापडात गुंडाळतो आणि कपाटात ठेवतो. पुढल्या आषाढात वाचावयास कोण बसणार, हेही बहुधा खीर खाता खाताच ठरते.